बदाम राणीचा कोपरा

बदाम राणीचा डावीकडचा वरचा कोपरा चार मिलिमीटरने आखूड होता. मंदाकिनीबाईंनी तो पट्टी लावून मोजला होता, कारण कापलाही त्यांनीच होता. चार वर्षांपूर्वी एका रविवारी आप्पासाहेबांच्या बशीतला चहा सांडला, राणीचा तेवढा भाग फुगून त्याचे पापुद्रे सुटले, आणि मंदाकिनीबाईंनी पर्समधल्या छोट्या कात्रीने तो तिरका छाटून टाकला. काम स्वच्छ झालं. फक्त त्या दिवसापासून राणी कोणाच्या हातात आहे ते समोरच्याला पाठीमागूनसुद्धा दिसायला लागलं.

खरं तर त्या कॅटचं आयुष्य तिथेच संपलं होतं. पण हिरवाई सोसायटीत, म्हणजे बारामतीतल्या त्या चोवीस फ्लॅटांच्या इमारतीत, दर रविवारी दुपारी तीन ते पाच आप्पासाहेबांच्या गॅलरीत त्याच कॅटने मेंढीकोट चालू राहिला. आप्पासाहेब आणि लीलाबाई एका बाजूला, श्रीपादराव आणि मंदाकिनीबाई दुसऱ्या. नवा कॅट आणायचा विषय दोनदा निघाला. दोन्ही वेळा लीलाबाईंनी "नवी पानं लई सटकत्यात" म्हणून मोडता घातला. चौघांनाही राणी कुठे आहे ते कळायचं आणि चौघेही न कळल्यासारखं करायचे. हे कधी ठरलं नव्हतं, पण चार वर्षांत कोणी मोडलंही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मंदाकिनीबाईंनी मनात नोंदवून ठेवली होती. पान उलटं धरलं तर कापलेला कोपरा तळहातात लपू शकत होता. श्रीपादराव ते नेहमी सुलटं धरत. आणि राणी हातात आली की ती शेवटच्या हातापर्यंत टाकत नसत, मग एखादी दश्शी हातची गेली तरी चालेल.

श्रीपादराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं कालव्याच्या पाण्याची उंची मोजली, त्यामुळे बोलणंही पातळी बघून. पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. चौदा महिन्यांपूर्वी कालव्याच्या कडेने फिरताना त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मंदाकिनीबाई, उरलेले दिवस आपण एका घरात काढावेत असं मला वाटतं. लग्न करून. तुम्हाला काय वाटतं?"

"विचार करून सांगते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आणि त्या खरोखरच विचार करत होत्या. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं उसाच्या रसातली गोडी मोजताना दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. लग्न न करता साठीला आलेल्या बाईने पहिल्याच आकड्यावर सही कशी करायची? त्यांनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं, 'वेळ पाळतात. वर्तमानपत्राची घडी नीट घालतात. राणी सुलटी धरतात.' उजवीकडे, 'घोरतात का, माहिती नाही.' चौदा महिने उजवीकडे तेवढीच एक ओळ होती, आणि ती तपासायचा सभ्य मार्ग उपलब्ध नव्हता.

दरम्यान नाशिकला श्रीपादरावांच्या मुलीने, दीप्तीने, वडिलांसाठी खोली रंगवून घेतली. "सोसायटीचा वर्धापनदिन झाला की तिला काय ते कळवतो," श्रीपादराव म्हणाले. मंदाकिनीबाईंकडे न बघता म्हणाले, त्यामुळे तारीख कोणासाठी आहे ते नीट कळलं. पाच आठवडे होते.

अशा वेळी माणसाने वहीत लक्ष घालावं. मंदाकिनीबाईंनी गाण्यांत घातलं.

झालं असं की मागच्या वर्धापनदिनाला कराओके ठेवला होता आणि सात जणांनी एकच गाणं म्हटलं होतं. यंदा काहीतरी वेगळं हवं म्हणून सभा बसली. अध्यक्ष आप्पासाहेबांनी चारदा "सूचना येऊ द्या" म्हटलं. शेवटी लीलाबाई पदर खोचत म्हणाल्या, "आमाला पत्त्याबिगर येतंय काय? पत्त्यांचीच गाणी करा. राजा, राणी, गुलाम, लई गाणी हायती."

"यादी मी करते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

काही माणसं मिठाईला भुलतात, काही सवलतीला. मंदाकिनीबाई 'यादी' या शब्दाला भुलत. योजना साधी होती. बावन्न पानं, बावन्न गाणी. प्रेक्षकाने पान ओढायचं, त्या पानाचं गाणं तिसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नालीने म्हणायचं. स्वप्नालीचं पार्लर होतं आणि आवाज चांगला होता.

यामागे एक खाजगी कारणही होतं. तिसाव्या वर्षी, ऐन गळीत हंगामात, एका पहाटे त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी रसाचा नमुना घेऊन उभ्या होत्या. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि त्यातल्या एकावर टेप चालू होता. एक बाई गात होती. वाफेत शब्द भिजून येत होते. बदाम राणीचं काहीतरी होतं, कोणीतरी तिला सोडत नव्हतं. ट्रॅक्टर पुढे सरकला, गाणं वजनकाट्यापाशी गेलं आणि उसाच्या चोथ्याच्या, बगॅसच्या, ढिगामागे विरलं. त्या दिवशी मंदाकिनीबाईंनी अठरा पूर्णांक चार ऐवजी चौदा पूर्णांक आठ लिहिलं. बत्तीस वर्षांतली ती एकमेव चूक. ते गाणं पुन्हा कधी कानावर आलं नाही. अधूनमधून, दूध तापत असताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, त्याची चाल मात्र येऊन जायची, ओळखीच्या माणसाने दारावरून जावं तशी.

यादीचा नियम त्यांनी कडक ठेवला. गाण्याच्या नावात पान पाहिजे. आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव नसतं, पहिली ओळ हेच नाव, म्हणून पान पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

हा नियम सूचनाफलकावर लागला आणि सोसायटीने त्याचा पिच्छा पुरवला. राजे आणि राण्या पोत्याने आल्या, पण त्यातल्या बहुतेक सिंहासनावरच्या होत्या, पत्त्यातल्या नव्हत्या. त्या बाद. 'इस्पिक एक्का माझ्या दारी' आणि 'किलवरच्या राजाची वरात निघाली' ही दोन निर्विवाद निघाली. तळमजल्यावरच्या एका निवृत्त तलाठ्यांनी सात घोड्यांचं एक गाणं किलवर सत्तीसाठी लेखी सुचवलं. मंदाकिनीबाईंनी लेखी नकार दिला. त्यांनी अपील केलं. आप्पासाहेब जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, जरा ढिलं सोडा. सत्तीचं गाणं कोण लिवंल? सत्तीला इचारतंय कोण?"

"म्हणूनच तिचं गाणं असायला हवं," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोललो याचा दुसऱ्या मजल्यापर्यंत विचार करत राहिल्या.

तीन आठवड्यांत एकोणीस गाणी झाली. तेहतीस पानं रिकामी. त्यांत बदाम राणीही होती. लीलाबाईंनी तोडगा काढला, "ज्या पानाला गाणं न्हाय, तितं मंदाताईंनी दोन शब्द बोलायचं. यादी तुमची, तवा तोंड बी तुमचंच." सभेने हे टाळ्या वाजवून मंजूर केलं. इतर कुठलाही ठराव त्या सोसायटीत एका बैठकीत मंजूर झालेला नाही.

मग लाऊडस्पीकरची परवानगी. अर्ज मंदाकिनीबाईंनीच लिहिला. विषय: पत्त्यांवर आधारित सांस्कृतिक कार्यक्रमास ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळणेबाबत. चौकीतल्या हवालदारांनी विषयावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

"पत्ते म्हंजे पैशावर का बिनपैशाचं?"

"गाणी आहेत. पत्त्यांची गाणी."

"गाणी झाल्यावर?"

"गाणी झाल्यावर जेवण."

हवालदारांना यातही काहीतरी दिसलं. त्यांनी गाण्यांची यादी तीन प्रतींत आणि एक हमीपत्र मागितलं, 'सोसायटीचे सभासद पत्ते खेळणार नाहीत.' इथे दुसऱ्या कोणीही सही करून चहाला गेलं असतं. मंदाकिनीबाईंना खोटं लिहिता येईना. त्यांनी खाली तळटीप जोडली, 'रविवार दुपारी तीन ते पाच ही वेळ वगळून.'

त्या तळटिपेमुळे पुढच्या रविवारी तीन वाजून दहा मिनिटांनी हवालदार आप्पासाहेबांच्या गॅलरीत खुर्ची ओढून बसले. लीलाबाईंनी त्यांना चहा दिला, शेव दिली. पैसे कुठेच दिसेनात, तसे ते खेळात रमले. चारच्या सुमारास पानं वाटली गेली. राणी श्रीपादरावांकडे गेली, सुलटी. एकेक हात झाला. आप्पासाहेबांनी दोन मेंढ्या मारल्या. शेवटी हवालदारांना राहवेना.

"काका, टाका की ती बदाम राणी आता. कवापास्नं धरून बसलाय."

खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आप्पासाहेब चहात बघू लागले. लीलाबाई शेवेत.

"तुम्हाला कसं कळलं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. आवाज अर्ध्या सुराने वर गेला हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"कसं म्हंजे? कोपरा कापलाय की. आंधळ्यालाबी दिसंल," हवालदार म्हणाले. "तुमाला चौघांस्नी ठावं न्हाय?"

 श्रीपादरावांनी राणी खाली ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याकडून शेवटच्या हाताआधी सतरंजीवर आली आणि तिथे फार लहान दिसली.

परवानगी मिळाली. पण त्या संध्याकाळी लीलाबाई मंदाकिनीबाईंच्या दारात आल्या. "मंदाताई, इंदापूरला माझ्या माहेरच्या वळखीचा दत्तोबा हाय. त्याचं कॅसेटचं दुकान व्हतं. तुमी त्ये एका गाण्याचं सांगत व्हता, त्याला इचारून बगा. श्रीपादरावांची गाडी हाय. आन येताना आमच्या डाळजवरनं हुलगं आणा." थोडं थांबून म्हणाल्या, "हुलगं न्हाय मिळालं तरी चालंल."

बुधवारी सकाळी दोघं निघाले. काट्यावर जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी सावकाश चालली. ट्रॉलीतून ओघळलेलं उसाचं पाचट रस्त्याच्या कडेला सोनेरी पडलं होतं. निमगाव केतकीपर्यंत कोणी बोललं नाही. निमगाव केतकीला श्रीपादराव म्हणाले, "पाणी सुटलंय कालव्याला." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "हो." पुन्हा इंदापूरपर्यंत शांतता. पण ती बोचणारी नव्हती. उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखी ती दोघांच्या मध्ये हलत होती.

दत्तोबांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. सत्तरी ओलांडलेले दत्तोबा मागच्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा एक चौकोनी डबा घेऊन आले. "इकायची न्हाईत. राकून ठिवलीत," ते म्हणाले. डब्यात अकरा कॅसेटी होत्या. चाल गुणगुणून दाखवा म्हणाले. मंदाकिनीबाईंनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिपायासमोरही गुणगुणलं नव्हतं. त्यांनी शटरकडे तोंड केलं आणि दोन ओळींची चाल हलकेच म्हटली. श्रीपादराव कव्हरं बघण्यात गुंग झाल्यासारखे उभे होते. त्यांनी हातात धरलेलं कव्हर उलटं होतं.

"सातवी," दत्तोबा म्हणाले.

त्यांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल पडलेला, त्यामुळे गाणाऱ्या बाईचा आवाज पुरुषासारखा येऊ लागला. मंदाकिनीबाईंनी केसांचं रबर काढलं, स्क्रू खोलले आणि पट्ट्याच्या जागी ते रबर चढवलं. चकती दोन वेळा अडखळली आणि मग गाणं लागलं.

तीच बाई होती. मागे साधी ढोलकी आणि पेटी. दुकानाच्या काचेवर दुपारचं ऊन आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मंदाकिनीबाईंना वाफेचा, मळीचा, पहाटेच्या थंड लोखंडी गजाचा वास आला. गज हाताला लागेल इतका जवळ होता. 'हाती धरलं त्ये टाकवंना गं,' ती बाई म्हणत होती, 'टाकवंना गं मला.' राणी आली ती थेट शेवटच्या कडव्यात, एकदाच, दारात येऊन थांबल्यासारखी. मग टेप नुसताच फिरत राहिला.

मंदाकिनीबाईंनी वही उघडली. कॅसेटवरच्या कागदावर फक्त 'पहिली बाजू, तिसरं' असं लिहिलं होतं. त्यांनी बदाम राणीसमोर पेन्सिलीने लिहिलेली शक्यता खोडली.

"खोडलंसा?" दत्तोबा म्हणाले.

"पहिल्या ओळीत पान नाही. नियमात बसत नाही."

"आख्खं गाणं तिचंच हाय की. नाव घेतलं न्हाय म्हणून तिचं न्हाय व्हय, बाई?"

मंदाकिनीबाईंनी वही मिटली. केस मोकळे सुटले होते. रबर टेपमध्येच राहिलं होतं, ते परत मागणं योग्य दिसेना. कॅसेट मात्र दत्तोबांनी त्यांच्या पर्समध्ये घातली.

परतताना डाळजला हुलगे मिळाले. तिथून थोडं पुढे उजनीचं पाणी रस्त्याजवळ येतं. श्रीपादरावांनी गाडी थांबवली. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, इतके स्थिर की पाण्यानेच ते मनात आणले असावेत. मंदाकिनीबाईंनी सवयीने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे त्यांना मोजावंसं वाटेना.

"नाशिकला खिडकीतून काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"दीप्ती म्हणते, समोर पार्किंग आहे."

त्या काहीतरी बोलणार होत्या. शब्द जिभेवर आलेही होते. तेवढ्यात मागच्या सीटवरची हुलग्यांची पिशवी कलंडली आणि सगळे दाणे गाडीभर झाले. दोघं अर्धा तास दाणे वेचत बसले. हुलगे मोजके असते तर बरं झालं असतं.

रविवारी साडेचार वाजता कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत हवालदार होते, सहकुटुंब. स्टेजवरच्या टेबलावर तोच जुना कॅट पसरून ठेवलेला, कारण नवा आणायची जबाबदारी आप्पासाहेबांवर होती आणि त्यांनी त्याऐवजी शाल आणि नारळ आणले होते. ते कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिलं पान तलाठ्यांनी ओढलं. किलवर सत्ती. गाणं नाही. मंदाकिनीबाई माइकपाशी गेल्या आणि पत्त्यांचा पुठ्ठा दोन थरांचा का असतो, हे दोन मिनिटांत सांगितलं. दुसरं पान चौकट पंजी. त्यांनी शाईविषयी सांगितलं. तिसरं इस्पिक छक्की. मागून कोणीतरी, "शाळा सुटली न्हाय का अजून," म्हणालं. चौथ्याला इस्पिक एक्का निघाला तेव्हा लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या, पण स्वप्नालीच्या मोबाइलवर गाण्याऐवजी फेशियलची जाहिरात लागली आणि ती मोठ्या आवाजात पूर्ण ऐकावी लागली. तासाभरात सोळा पानं निघाली. त्यातली बारा रिकामी. मंदाकिनीबाईंनी कागद, गोंद, छपाई, शक्यता-गणित आणि घाम आलेल्या बोटांची आम्लता हे विषय संपवले. खाली लहान मुलं झोपली. काही मोठीही.

मग आप्पासाहेब शाल आणि नारळ घेऊन उठले.

"शेवटचं पान आपलं श्रीपादराव काढतील," ते म्हणाले. "त्ये आता नाशिकला निघाल्यात. आपल्यातला माणूस चाललाय. पान काढलं की सोसायटीकडनं निरोपाची शाल."

मंदाकिनीबाईंनी श्रीपादरावांकडे बघितलं. त्यांना शालीचं आधी माहीत होतं असं चेहऱ्यावरून वाटेना. शेजारून लीलाबाई, माइक आपल्या जवळ आहे हे न कळून, म्हणाल्या, "आता काय. चौदा महिनं झालं. माणसानं बसायचं तरी किती." ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

त्या मागणीबद्दल आणि वहीतल्या रकान्यांबद्दल मंदाकिनीबाईंनी जगात कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि आता त्यांना दिसलं की एक हवालदार, एक तलाठी आणि चोवीस फ्लॅट महिन्यांचा हिशेब अचूक ठेवून होते. राणीच्या कोपऱ्याचं गुपित चौघांनी पाळलं होतं, हे सगळ्या सोसायटीने.

श्रीपादराव टेबलापाशी गेले. पानं पालथी पसरलेली होती. त्यांनी निवडल्याचं नाटकही केलं नाही. अंगठा सरळ त्या तिरक्या कोपऱ्यावर ठेवला, पान उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं सुलटं धरलं.

"बदाम राणी," हवालदार पहिल्या रांगेतून समाधानाने म्हणाले.

स्वप्नालीने यादी बघितली आणि मान हलवली. गाणं नव्हतं. नियमाप्रमाणे माइक मंदाकिनीबाईंकडे आला.

त्या उभ्या राहिल्या. पर्समधला कॅसेटचा चौकोन हाताला जाणवत होता. मांडव, माणसं, शाल हे सगळं थोडं दूर गेलं होतं, त्या पहाटेसारखं, वाफेच्या पलीकडे. ट्रॅक्टर अजून रांगेत उभा होता. अजून पुढे सरकला नव्हता. आणि त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्यांदा मोजायला त्या चौदा महिने थांबल्या खऱ्या, पण आकडा पहिल्या रविवारपासून तोच येत होता.

"या पानाला गाणं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीत नाव नाही म्हणून मी ते खोडलं. ती माझी चूक. दुसरी."

आप्पासाहेबांनी शालीची घडी उलगडली होती. ती त्यांच्या हातात तशीच राहिली.

"आप्पासाहेब, ती शाल ठेवून द्या, दुसऱ्या कामाला लागेल. आणि श्रीपादराव, दीप्तीला आज फोन करा, पार्किंगसमोरची खोली भाड्याने दे म्हणावं. मी तुमच्याशी लग्न करणार आहे."